उन्हाळ्यासाठी जवळच्या दुकानातून कोणती वाइन घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घराजवळच्या दुकानातून उन्हाळ्यात प्यायला पाच-सहा बाटल्या घ्यायच्या आहेत, नावं फारशी माहीत नाहीत, गोड नको आणि जड नको. रेड आवडते, पण ती या दिवसांत सोडावी का, आणि दुकानदाराला नेमकं काय विचारायचं, हेही तुम्ही विचारलंय. वाइनची खरेदी-विक्री हेच माझं काम असल्यामुळे ऊन तापायला लागलं की हे प्रश्न मला रोज ऐकू येतात. नावं पुढे देतोच. पण मी सांगितलेली बाटली तुमच्या दुकानात असेलच असं नाही, म्हणून आधी निवडायचं कसं ते सांगतो. ते एकदा लक्षात आलं की अनोळखी लेबलापुढेही माणूस अडत नाही.

उन्हाळ्यात वाइनकडून मुख्यतः तीन अपेक्षा ठेवाव्यात: आंबटपणा चांगला असावा, अल्कोहोल बेताचं असावं आणि बाटली ताजी असावी. देश, द्राक्षाची जात, लेबलवरची पदकं यांचा विचार त्यानंतर.

आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. तो कमी असेल तर वाइन कितीही थंड केली तरी जिभेवर सुस्त आणि चिकट वाटते. द्राक्ष पिकत जातं तशी त्यातली साखर वाढते आणि आम्ल घटतं. त्यातलं मॅलिक आम्ल तर उष्ण हवेत फार झपाट्याने कमी होतं. म्हणून आंबटपणा टिकलेली वाइन हवी असेल तर थंड प्रदेश, समुद्रावरून गार वारा येणारे किनारे, उंचावरचे मळे, किंवा दिवसा ऊन असलं तरी रात्री पारा चांगला उतरतो असे भाग शोधायचे. लेबलवरून एवढा भूगोल ओळखता आला तरी अर्धं काम झालं. अपवादही आहेत. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर असिर्टिको नावाचं द्राक्ष होतं. तिथे वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून वेल जमिनीलगत टोपलीसारखी गोल वळवून वाढवतात आणि द्राक्षं त्या टोपलीच्या आत धरतात. एवढ्या कडक उन्हातही हे द्राक्ष आपला आंबटपणा सोडत नाही. मात्र ही वाइन अंगाने भरदार असते आणि अल्कोहोलही साधारण १३ ते १४ टक्के असतं, त्यामुळे ती दुपारची नाही, रात्री जेवताना घ्यावी.

अल्कोहोलचा आकडा लेबलवर बारीक अक्षरात असतो, तो वाचायची सवय लावून घ्याच. ७५० मिलीच्या बाटलीत १४.५ टक्के अल्कोहोल असेल तर त्यात सुमारे १०९ मिली शुद्ध अल्कोहोल झालं. ९ टक्क्यांच्या बाटलीत ते जेमतेम ६८ मिली असतं. दोघांत एक बाटली संपवायची असेल तर हा फरक लहान नाही. शिवाय जास्त अल्कोहोलची वाइन घशाला ऊब देते. थंडीत ती हवीहवीशी वाटते, ३५ अंशांच्या दुपारी नाही. अल्कोहोलने लघवी जास्त होते आणि घामातून पाणी जातच असतं, त्यामुळे प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी प्यावं. मी गिऱ्हाइकांना सोपी मर्यादा सांगतो: दिवसा प्यायची असेल तर १२ टक्क्यांच्या आत राहा, संध्याकाळी १३ पर्यंत चालेल.

आता दुकानाबद्दल, कारण चांगली वाइन वाईट जागी ठेवली तर तिची मूळची चव तुमच्यापर्यंत पोचतच नाही. आत गेल्यावर पहिल्यांदा हवा जाणवून घ्या. दुपारी दुकान गार आहे की कोंदट? तापमान २५ अंशांच्या वर फार काळ राहिलं की वाइन लवकर म्हातारी होते आणि ३० च्या वर गेलं की काही दिवसांतच ताजेपणा गळून पडतो. रात्री शटर ओढल्यावर एसी बंद होतो का, हे मोकळेपणाने विचारा. ज्याला आपल्या मालाची काळजी आहे तो या प्रश्नाने चिडत नाही.

उष्णता लागलेली बाटली बाहेरूनही काही वेळा कळते. तापल्यावर वाइन प्रसरण पावते आणि बुचाला आतून रेटते. त्यामुळे बूच काचेच्या कडेच्या वर किंचित उचललेलं असतं, वरच्या आवरणाखालून वाइन झिरपून चिकट, वाळलेला ओघळ राहिलेला असतो, किंवा गळ्यातली पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली गेलेली असते. आवरणावर बोट ठेवून हलकेच फिरवून बघा. ते सहज फिरलं तर बरं, चिकटून बसलं असेल तर खाली गळती झाली असण्याची शक्यता आहे. व्हाइट वाइनचा रंग तिच्या वयाच्या मानाने जास्त पिवळा-तपकिरी दिसत असेल तर ती ठेवून द्या. अशी बाटली उघडल्यावर ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या फळाचा वास येतो आणि मागाहून चव सपाट लागते.

प्रकाशाचाही तेवढाच विचार करायला हवा, आणि याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. वाइनमध्ये रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) असतं. निळा आणि अतिनील प्रकाश शोषून ते गंधकयुक्त अमिनो आम्लांशी प्रक्रिया घडवून आणतं, आणि वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो. हिरवी किंवा तपकिरी काच बऱ्यापैकी संरक्षण देते, पारदर्शक काच जवळजवळ काहीच देत नाही. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, मात्र रंग दिसावा म्हणून नेमकी पारदर्शक बाटलीत भरतात आणि विकली जावी म्हणून शोकेसमध्ये, उन्हात मांडतात. मांडलेली बाटली सुंदर दिसते, पण घ्यायची ती आतल्या खोक्यातली. मागितली तर बहुतेक दुकानदार काढून देतात.

ताजेपणा लेबलवरच्या सालावरून कळतो. उत्तर गोलार्धात काढणी साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत चालते, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल. साधी, फळांच्या चवीची व्हाइट किंवा रोझे ही एक-दोन वर्षांत संपवायची वाइन आहे. युरोपातली रोझे घेताना मागच्या हंगामाची मिळाली तर उत्तम, त्याच्या आधीच्या हंगामाचीही चालेल. त्याहून जुनी रोझे सवलतीत ढिगाने मांडलेली दिसली तर तिथून पुढे जा. फ्रान्सच्या बोजोले भागातल्या नव्या हंगामाच्या रेडचं, म्हणजे बोजोले नूव्होचंही तसंच. ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि पहिल्या काही महिन्यांत पिण्यासाठीच केलेली असते, पुढच्या उन्हाळ्यात ती फळीवर उरलेली असेल तर दुकानात माल फिरत नाही असं समजा. काही व्हाइट आणि रोझे वयाने सुधारतात हे खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीची व्हाइट सेमियाँ किंवा दक्षिण फ्रान्सची, मूर्व्हेद्र द्राक्षाची बाँदोल रोझे त्यातल्या. पण त्या जाणीवपूर्वक, नीट ठेवून जुन्या करायच्या असतात.

फिरकीच्या झाकणाला नाक मुरडू नका. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीत रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची वाइन करणाऱ्या उत्पादकांनी २००० सालच्या हंगामात एकत्र येऊन बूच सोडलं आणि फिरकीचं झाकण स्वीकारलं, तेही आपल्या उत्तम वाइनसाठी. बुचातून येणारा ओलसर पुठ्ठ्यासारखा वास टळतो आणि ताजेपणा टिकतो. उन्हाळ्यातल्या वाइनला याहून अधिक काही लागत नाही.

व्हाइटमध्ये माझी पहिली शिफारस पोर्तुगालच्या वायव्येकडची विन्यो वेर्दे. अटलांटिकवरून येणारा ओलसर गार वारा, भरपूर पाऊस, आणि त्यातून येणारी हलकी, लिंबासारखी आंबट वाइन. साधी विन्यो वेर्दे बहुधा ९ ते ११.५ टक्क्यांची असते आणि जिभेवर बारीक चुरचुर जाणवते, कारण तिच्यात थोडा कार्बन डायऑक्साइड राखलेला किंवा घातलेला असतो. लोरेरो द्राक्षाची मिळाली तर फुलांचा छान वास येतो. लेबलवर अल्व्हारिन्यो हे द्राक्षाचं आणि मोन्साँ इ मेल्गासू हे भागाचं नाव दिसलं तर ती जास्त भरदार आणि जास्त अल्कोहोलची असेल हे लक्षात ठेवा. सीमेपलीकडे स्पेनमध्ये हेच द्राक्ष अल्बारिन्यो म्हणून रियास बैशास भागात होतं. स्पेनच्याच उत्तरेला, बास्क किनाऱ्यावर, चाकोली होते. तीही अशीच चुरचुरीत आणि साधारण ११ टक्क्यांची. ती उंचावरून ग्लासात ओततात, त्याने फेस उसळतो.

दुसरी शिफारस म्युस्काडे, आणि हिच्याबद्दल मला फार आस्था आहे, कारण कमी गाजावाजात इतकी प्रामाणिक वाइन देणारे प्रदेश थोडे. फ्रान्समध्ये लुआर नदी समुद्राला मिळते तिथे, नाँत शहराच्या आसपास, मेलाँ नावाच्या द्राक्षापासून ती करतात. १७०९ च्या भयंकर थंडीत तिथल्या द्राक्षबागा गोठून गेल्या. त्यानंतर नव्याने लावताना थंडी सोसणारं म्हणून हे द्राक्ष मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. द्राक्ष स्वतः फार सुगंधी नाही. त्यामुळे आंबवण झाल्यावर वाइन यीस्टच्या गाळावरच हिवाळाभर ठेवतात आणि गाळ न ढवळता वरून थेट बाटलीत भरतात. त्या गाळामुळे तिला थोडं अंग येतं, ताज्या पावासारखा हलका वास येतो आणि जिभेच्या टोकाला किंचित चुरचुर राहते. लेबलवर ‘स्यूर ली’ असे शब्द असतील तर ती या पद्धतीची. ‘सेव्र ए मेन’ हे भागाचं नावही दिसलं तर निःशंक घ्या. गोडवा नाही, ओक लाकडाच्या पिंपाचा वास नाही, अल्कोहोल १२ च्या आसपास, आणि शेवटी खारटपणाची आठवण करून देणारी चव. तुम्ही ‘गोड नको, जड नको’ म्हणालात त्याचं हे नेमकं उत्तर आहे.

याच वर्गात दक्षिण फ्रान्समधल्या ‘तो’ नावाच्या सरोवराजवळची पिकपूल द पिने, ऑस्ट्रियाची मिरीच्या वासाची ग्रूनर वेल्टलिनर (ती पुष्कळदा एक लिटरच्या बाटलीतही मिळते), आणि स्पेनच्या रुएडा भागातली व्हेर्देहो. सॉव्हिन्यॉन ब्लाँ तर जवळजवळ प्रत्येक दुकानात असते, आणि काहीच ओळखीचं दिसलं नाही तर ती घ्यायला हरकत नाही. शार्डने घेताना मात्र विचारून घ्या. ओकच्या पिंपात ठेवलेली, लोण्यासारख्या वासाची शार्डने गरम हवेत लवकर नकोशी होते. फ्रान्सच्या थंड शाब्ली भागातली किंवा स्टीलच्या टाकीत केलेली शार्डने वेगळी, ती चालेल.

तुम्हाला गोड नको आहे हे मान्य, तरीही एका वाइनसाठी मी आग्रह धरणार: जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली रीसलिंग काबिनेट (काबिनेट हा तिथला हलक्या वाइनचा दर्जा). पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर ही द्राक्षं पिकतात. अल्कोहोल बहुधा ८ ते ९ टक्के असतं. साखर थोडी उरलेली असते, पण आंबटपणा इतका धारदार असतो की गोडवा जिभेवर बसत नाही, रसाळ फळ चावल्यासारखं वाटून लगेच तोंड स्वच्छ होतं. साखर किती उरली असेल याचा अंदाज लेबलवरूनच येतो. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. त्यामुळे रीसलिंगवर ८ टक्के लिहिलं असेल तर बरीच साखर न आंबता राहिली आहे, आणि १२ किंवा अधिक असेल तर ती जवळजवळ सगळी आंबली आहे. पूर्ण ड्राय, म्हणजे अजिबात गोड नसलेली हवी असेल तर ‘ट्रॉकन’ हा शब्द शोधा. जेवण तिखट असेल तेव्हा काबिनेटसारखी वाइन फार उपयोगी पडते, कारण जास्त अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि थोडा गोडवा ती शमवतो.

रोझेबद्दल एक गैरसमज सगळीकडे आढळतो: रंग गडद म्हणजे वाइन गोड. रंग सालीचा असतो, साखरेचा नाही. काळ्या द्राक्षांचा रस सालींबरोबर काही तास राहिला की गुलाबी होतो, जास्त वेळ राहिला की गडद होतो. प्रोव्हान्सची फिकट रोझे आणि दक्षिण ऱ्होनमधल्या तावेलची गडद रोझे, दोन्ही ड्राय असतात. तावेल भागात फक्त रोझेच करतात आणि ती अंगाने रेडच्या जवळ जाते, म्हणून भरपेट जेवणाबरोबर ती मला जास्त आवडते. नुसती गप्पा मारत प्यायची तर प्रोव्हान्स किंवा तशा धर्तीची ग्रनाश-सँसो द्राक्षांची रोझे. गोड रोझे टाळायची तर ‘व्हाइट झिनफँडेल’ असं लिहिलेली गुलाबी बाटली घेऊ नका, ती बहुतेक वेळा गोडच असते.

आता रेड. ती सोडायचं काहीच कारण नाही, फक्त योग्य रेड निवडून ती थंड करायला हवी. रेड घराच्या तापमानाला प्यावी हा सल्ला जिथे घरं १६ ते १८ अंशांची होती तिथला आहे. ३० अंशांच्या खोलीत ठेवलेली रेड ग्लासात ओतली की आधी अल्कोहोलचा भपका येतो, फळाचा वास मागे पडतो आणि चव मोकळी, विस्कटलेली लागते. हे पटायला एक छोटा प्रयोग करा. बोजोलेची बाटली उघडा, एक ग्लास भरून टेबलावर ठेवा आणि बाटली पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. मग तिच्यातून दुसरा ग्लास भरा आणि आलटून पालटून प्या. गरम ग्लासात जॅमसारखा जड गोडसरपणा लागेल आणि गिळल्यावर घशाला चटका बसेल. थंड ग्लासात चेरी आणि रासबेरीचा वास वेगळा कळेल, आंबटपणा उठून दिसेल आणि घोट स्वच्छ संपेल. एकाच बाटलीतली वाइन आहे यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

पण कोणतीही रेड थंड करून चालत नाही. थंडीने तुरटपणा आणि कडवटपणा जास्त जाणवतो. काबर्ने सॉव्हिन्यॉन, इटलीची बारोलो किंवा ओकमध्ये मुरवलेली शिराझ फार थंड केली तर हिरड्या आवळल्यासारख्या होतात. म्हणून थंड करायची रेड मुळातच कमी टॅनिनची (तुरटपणा आणणाऱ्या घटकाची) हवी. बोजोलेतलं गॅमे द्राक्ष यासाठी अव्वल. तिथे अनेक जण द्राक्षांचे घड न चुरडता बंद टाकीत ठेवतात. टाकीत कार्बन डायऑक्साइड भरतो आणि आंबवण अख्ख्या मण्यांच्या आतच सुरू होतं. त्याने रंग आणि फळाचा वास येतो, पण सालीतला आणि बियांतला तुरटपणा फारसा उतरत नाही. बोजोले-व्हिलाज लिहिलेली बाटली रोजच्यासाठी ठीक. थोडी वरची हवी असेल तर बोजोलेतल्या दहा क्रूंपैकी, म्हणजे सर्वांत नावाजलेल्या गावा-भागांपैकी, फ्लरी किंवा शिरूब्ल घ्या. मॉर्गाँ आणि मूलँ-आ-व्हाँ जास्त भरभक्कम असतात, त्या मी पावसाळी हवेसाठी राखून ठेवीन.

गॅमे मिळाली नाही तर सिसिलीची फ्रापाटो, उत्तर इटलीत गार्डा सरोवराकाठची बार्दोलिनो, तिथल्याच आल्तो आदिजे भागातली फिकट रंगाची स्कियाव्हा, ऑस्ट्रियाची झ्वायगेल्ट, सँसो, किंवा हलकी पिनो न्वार. दुकानात हाताशी धरायची खूण म्हणजे बाटली प्रकाशासमोर धरून रंग बघायचा. आरपार दिसत असेल आणि अल्कोहोल १३ च्या आत असेल, तर ती बहुधा थंड करायला योग्य. या सगळ्या १२ ते १४ अंशांना प्याव्यात.

लाम्ब्रुस्कोचा उल्लेख करायलाच हवा, कारण गोड, स्वस्त पेय म्हणून तिला उगाच बदनाम केलंय. इटलीच्या एमिलिया भागातली ‘सेक्को’ (ड्राय) लिहिलेली लाम्ब्रुस्को ही फेसाळ, ड्राय, आंबट रेड आहे. फ्रिजमधून काढून सरळ ओता. रेड आवडणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात याहून चांगलं क्वचितच काही देता येतं.

स्पार्कलिंगबद्दल, म्हणजे फेसाळ वाइनबद्दल थोडक्यात. इटलीची प्रोसेको टाकीत फेसाळवतात, तिच्यात नाशपती आणि फुलांचा वास असतो. स्पेनची काव्हा आणि फ्रान्सची क्रेमाँ शॅम्पेनप्रमाणे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात आणि निदान नऊ महिने गाळावर ठेवतात, त्यामुळे त्या जास्त ड्राय आणि गंभीर चवीच्या लागतात. लेबलवरच्या शब्दांनी भलेभले फसतात: ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, आणि नुसतं ‘ड्राय’ लिहिलं असेल तर १७ ते ३२ ग्रॅम. तुम्ही ब्रूट किंवा ब्रूट नेचर (जवळजवळ बिनसाखरेची) घ्या. बाटली उघडण्याआधी ती पूर्ण थंड असलीच पाहिजे. शॅम्पेन पद्धतीच्या बाटलीत सुमारे सहा बारपर्यंत दाब असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक, आणि गरम बाटलीत तो आणखी वाढतो. बूच सुटेपर्यंत अंगठा त्यावरून काढायचा नाही आणि बाटलीचं तोंड कुणाच्याही दिशेने धरायचं नाही. गोड आवडणारं कुणी पाहुणं येणार असेल तर इटलीची गोड, हलकी फेसाळ मोस्काटो दास्ती ठेवा. तिच्यात जेमतेम ५ ते ५.५ टक्के अल्कोहोल असतं.

घरी आणेपर्यंतही काळजी घ्यावी लागते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बाटल्या ठेवून इतर कामं करायला जाऊ नका. वाइनची खरेदी शेवटची करा आणि सरळ घरी या.

थंड करायला फ्रिजमध्ये अडीच-तीन तास लागतात. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका, खड्यांच्या मधल्या हवेमुळे वेळ लागतो. पाणी काचेला सगळीकडून भिडतं आणि मिठाने ते शून्याच्याही खाली जाऊ शकतं. फ्रीझरमध्ये ठेवलीत तर घड्याळ लावून ठेवा. वाइन उणे पाच-सहा अंशांच्या आसपास गोठू लागते, फुगते, आणि बूच ढकलते किंवा काच तडकते. हलकी व्हाइट ७ ते १० अंश, रोझे ८ ते १०, स्पार्कलिंग ६ ते ८ असं साधारण धरा. ग्लास एकतृतीयांशच भरा आणि बाटली परत गार जागी ठेवा, कारण गरम हवेत ग्लासातली वाइन बघता बघता कोमट होते.

साध्या व्हाइटमध्ये सोडा घालून प्यायला अजिबात संकोच करू नका. ऑस्ट्रिया, जर्मनी, हंगेरीत उन्हाळाभर लोक तेच पितात. १२ टक्क्यांची वाइन निम्म्या सोड्यात ६ टक्क्यांची होते आणि ताजीच लागते. स्पेनमध्ये हलक्या रेडमध्ये लिंबाच्या चवीचा सोडा आणि बर्फ घालतात, तेही झकास. यासाठी आंबट, ओक नसलेली वाइन घ्या.

रेडने डोकं दुखतं म्हणून सल्फाइटला (वाइन टिकावी म्हणून वापरतात त्या रसायनाला) दोष देणारे बरेच भेटतात. युरोपीय नियमांनुसार ड्राय रेडमध्ये सल्फाइटची मर्यादा लिटरला १५० मिलिग्रॅम आहे आणि ड्राय व्हाइट-रोझेमध्ये २००. म्हणजे व्हाइटने त्रास होत नाही आणि रेडनेच होतो, तर कारण दुसरं असण्याची शक्यता जास्त. आधी पाणी आणि एकूण प्रमाण बघा. दमा असणाऱ्यांपैकी काहींना मात्र सल्फाइटचा खराच त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

दुकानदाराकडे ‘एखादी चांगली वाइन द्या’ असं म्हणून जाऊ नका. ‘ड्राय हवी, ओक नको, अल्कोहोल साडेबाराच्या आत, ताज्या हंगामाची, आणि बाटली आतून काढून द्या’ असं म्हणा. रेडसाठी ‘थंड करून पिण्याजोगी, तुरट नको’ एवढं पुरे. तुम्ही आधी प्यायलेल्या आणि आवडलेल्या किंवा न आवडलेल्या बाटलीच्या लेबलचा फोटो दाखवा, वर्णनापेक्षा त्यावरून आम्हाला फार लवकर कळतं. सहा बाटल्यांची माझी निवड अशी: एक विन्यो वेर्दे, एक म्युस्काडे, एक मोझेल काबिनेट, एक ड्राय रोझे, एक बोजोले-व्हिलाज आणि एक ब्रूट काव्हा किंवा सेक्को लाम्ब्रुस्को. प्रत्येकी एकच घ्या, प्या, मग आवडलेल्या दोघींच्या जास्त घ्या. एखादी बुचाच्या वासाने खराब निघाली तर उरलेली वाइन तशीच बाटलीत बंद करून परत न्या, चांगलं दुकान ती बदलून देतं.

उघडलेली बाटली, रेडसुद्धा, बंद करून फ्रिजमध्ये उभी ठेवावी. व्हाइट आणि रोझे दोन-तीन दिवस नीट राहतात, काबिनेट त्याहून थोडी जास्त, हलकी रेड दोन दिवस. स्पार्कलिंगला दाब धरणारं खास झाकण लागतं, ते असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत फेस राहतो. एकटेच पिणारे असाल आणि बाटली संपत नसेल तर खोक्यात नळाच्या पिशवीतून मिळणारी वाइन बघा. पिशवी आत आवळत जाते, हवा शिरत नाही, आणि फ्रिजमध्ये ती चार ते सहा आठवडे चांगली राहते. खोक्यावर भरण्याची तारीख असते, ती शक्य तितकी अलीकडची निवडा.